वाळवणाची माडी आणि मुरलेली आमारोने

पहिला दिवस : मिलान ते वेरोना

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला जानेवारीत घराबाहेर काढणं सोपं नसतं. मणी फुगत असतात, त्यात पाणी उतरायला अजून थोडा अवकाश असतो, आणि आभाळ जरा भरून आलं तरी माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. त्यामुळे "आप्पा, आठ दिवस माझ्याबरोबर इटलीला चला," म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा नकारच दिला. मग मी त्यांना सांगितलं, की वेरोनाजवळच्या डोंगरपट्ट्यात द्राक्षं तोडून माडीवर तीन-साडेतीन महिने वाळवतात आणि मग त्यांची वाइन करतात. आप्पा हातातलं काम ठेवून वळले.

"तीन म्हैनं? आन बुरशी येत न्हाई?"

या एका प्रश्नापायी आप्पांचा पासपोर्ट निघाला. बाग थोरल्या दादाच्या हवाली केली आणि आम्ही निघालो.

मी पुण्यात एका हॉटेलात वाइनचं काम बघते. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ते पीत नाहीत आणि पिणार नाहीत, हे आमच्यात बोलायची कधी गरजच पडली नाही. पण त्यांची चाळीस वर्षं द्राक्षं वाळवण्यात गेली आहेत. आमारोने ही वाळवलेल्या द्राक्षांची वाइन. ती समजून घ्यायला माझ्या जिभेइतकेच त्यांचे हात उपयोगी पडतील, असं मला मनापासून वाटत होतं.

मिलानहून वेरोनाची गाडी सव्वा तासाची. देझेंझानो सोडल्यावर डाव्या हाताला गार्दा सरोवर दिसायला लागलं, निळसर-करडं, पलीकडे बर्फाचे डोंगर. आप्पांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि त्यात लिहिलं : "तळं मोठे. थंडी भरपूर. हवा कोरडी नाही."

दुसरा दिवस : वेरोना

सकाळी अरेना बघितला. पहिल्या शतकातलं रोमन रंगमंडल, अजूनही वापरात. १९१३ साली संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीला इथे त्याचा 'आयदा' हा ऑपेरा झाला आणि तेव्हापासून उन्हाळ्यात ऑपेराचा मोसम भरतो. मला त्याचा दगड बघायचा होता. पांढरा आणि फिकट गुलाबी चुनखडीचा हा दगड वाल्पोलिचेल्लाच्या खाणींतला, म्हणजे जिथे आमारोनेची द्राक्षं पिकतात त्याच डोंगरातला. फरसबंदीत जागोजागी शंखांच्या गोल वेटोळ्यांचे जीवाश्म दिसतात. आप्पा एका वेटोळ्यापाशी बराच वेळ उकिडवे बसून होते.

दुपारी पिएत्रा पुलावर गेलो. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा रोमन पूल उडवला होता. नंतर नदीतले दगड काढून तो परत जसाच्या तसा बांधला. आदिजे नदी खालून जोरात वाहत होती. वारा बोचरा होता, फार थांबलो नाही.

रात्रीच्या जेवणाला मी आमारोने घातलेला रिसोत्तो मागवला. इथला व्यालोने नानो तांदूळ आखूड आणि गोलसर असतो, आपल्या आंबेमोहोरासारखा चिकटून येतो. भात आसट, जांभळट, वर चीज विरघळलेलं. आप्पांनी मशरूमची भाजी आणि पोलेंता घेतली. पहिल्याच घासाला "मक्याच्या कण्या की गं" म्हणाले आणि सगळी संपवली.

सोबत मागवलेली आमारोने मात्र बिघडलेली निघाली. पेला नाकाशी नेला तर फळाचा वास नाही, भिजलेल्या गोणपाटाचा कुबट वास. बुचाच्या सालीत कधीकधी एक रसायन तयार होतं आणि ते बाटलीतल्या वाइनचा वास मारून टाकतं. ज्याने वाइन केली त्याचा त्यात काही दोष नसतो, आणि बाटली परत करायला संकोचही करू नये. मी वाढप्याला सांगितलं. त्याने स्वतः वास घेतला, मान डोलावली आणि दुसरी बाटली उघडली. आप्पांना मी दोन्ही पेले हुंगायला दिले. पहिला हुंगून त्यांनी तोंड फिरवलं. "दमट शेडात ठेवल्याला माल," म्हणाले. दुसऱ्याला बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "ह्यो आपला वास हाय. पर आपल्याला न्हाई येत असा."

तिसरा दिवस : फुमाने, मांडव आणि माडी

बसने सान फ्लोरियानो, तिथून पुढे फुमानेच्या खोऱ्यात. वाल्पोलिचेल्लाचा मूळ, म्हणजे 'क्लासिको' भाग म्हणजे हाताच्या बोटांसारखी पसरलेली खोरी : फुमाने, मारानो, नेग्रार. उत्तरेला लेसिनी डोंगर गार वारा अडवतात, पश्चिमेला गार्दा सरोवर थंडीची धार कमी करतं. उतारांवर सुक्या दगडांचे बांध रचलेले. त्यांना इथे 'मारोन्ये' म्हणतात. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. बांधाच्या कडेला ऑलिव्ह आणि चेरीची झाडं.

रस्त्याच्या वळणावर आप्पा एकदम थांबले.

"ह्यो तर मांडव!"

खरंच मांडव होता. लाकडी खांब, आडव्या तुळया, वर तारा आणि त्यावर आडव्या पसरलेल्या वेली. इथल्या भाषेत 'पेर्गोला वेरोनेझे'. जगभरच्या वाइनच्या बागा उभ्या तारांवर गेल्या, पण इथे मांडव टिकला. त्याला कारण आहे. कोर्विना या मुख्य जातीच्या वेलीला काडीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यांवर घड फारसा लागत नाही. तिला लांब काडी ठेवावी लागते, आणि लांब काडीला पसरायला मांडव लागतो. शिवाय पानांच्या सावलीत घड लोंबकळतात, त्यांना ऊन भाजत नाही, वारा खालून खेळतो. एक माणूस छाटणी करत होता. आप्पा त्याच्या कात्रीकडे बघत उभे राहिले, मग काडीवरचे डोळे बोटाने मोजू लागले. त्या माणसाने हसून कात्री पुढे केली. आप्पांनी एक काडी छाटली. त्याने ती उचलून बघितली आणि अंगठा वर केला. एकमेकांचा एक शब्द त्यांना कळत नव्हता.

ज्या घरी आम्ही जाणार होतो ते घर चार पिढ्या वाइन करतं. मालकीणबाई सत्तरीच्या, त्यांचा मुलगा इंग्रजी बोलणारा. घरात बसायच्या आधीच आप्पांनी वर बोट दाखवलं. माडी.

त्या माडीला 'फ्रुताइओ' म्हणतात. तिथलं सगळं नीट सांगते, कारण आमारोने खरी तिथेच होते.

लाकडी जिना चढून वर गेलो तेव्हा आधी वास आला. गोड, थोडा आंबूस, थोडा लाकडाचा. मग डोळ्यांना अंधाराची सवय झाली. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या, आणि मधे छतापर्यंत बोरूच्या कांड्यांच्या चौकटी एकावर एक. त्यांना 'आरेले' म्हणतात. पूर्वी याच चौकटींवर वसंतात रेशमाचे किडे पाळत आणि शरदात द्राक्षं ठेवत. आता बहुतेकजण छिद्रांचे प्लास्टिकचे क्रेट वापरतात; या घरातही अर्धी खोली क्रेटची होती. प्रत्येक चौकटीवर घडांचा एकच थर. एकावर एक घड नाही, एकाला दुसऱ्याचा धक्काही नाही.

आप्पांनी खिडकी उघडझाप करून बघितली. कोपऱ्यात पंखा होता, भिंतीवर आर्द्रतेचा काटा होता. त्यांनी एक घड देठाला धरून उचलला. देठ दाबून पाहिला, मोडून पाहिला, मग घड उलटा करून आतली बाजू डोळ्यांजवळ नेली. बुरशी आधी तिथेच धरते. मालकीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनीही एक घड उचलला आणि तसाच उलटा केला.

"ईच्यारून बघ, द्रावणात काय बुडवत्यात."

काहीच नाही, मुलगा म्हणाला.

"गंधक?"

तेही नाही.

आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. मण्यावरचा मेणचट थर त्याने सैल होतो, पाणी झरझर निघतं, आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यावर जाळीवर बारा-पंधरा दिवसांत बेदाणा होतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो. इथे उलटं चाललेलं. मेण तसंच ठेवायचं. सालीतून पाणी हळूहळू, नाइलाजाने निघू द्यायचं. ऊन लागू द्यायचं नाही. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात द्राक्षं माडीवर येतात आणि १ डिसेंबरच्या आधी ती चुरायला नियमाने मनाई आहे. पुष्कळ घरं जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबतात. वजन घटतं ते तीस-चाळीस टक्के, जास्त नाही. मणी सुरकुततो, पण आत रस राहतो. साखर दाटते, ग्लिसरीन वाढतं, आंबटपणातला कच्चा भाग कमी होतो, आणि सालीत नवेच वास तयार होतात. मणी वेलीवरून तुटलेला असला तरी मेलेला नसतो. या शंभर दिवसांत तो आतल्या आत बदलत राहतो.

आप्पांनी मोकळ्या घडाकडे बोट दाखवून विचारलं, हे विरळणी करून केलंय का? मुलगा म्हणाला, थोडी विरळणी, पण मुख्य म्हणजे तोडतानाच निवड. माडीवर फक्त सुटसुटीत घड येतात. दाटीवाटीचे घड खाली साध्या वाइनला जातात. मग त्याने एक जुना शब्द सांगितला. घडाच्या वरच्या बाजूला दोन फांद्या फुटतात, त्यांना इथल्या बोलीत 'रेचा' म्हणजे कान म्हणतात. त्यांना ऊन जास्त मिळतं, साखर जास्त भरते. पूर्वी फक्त हे कान तोडून वाळवत आणि गोड वाइन करत. म्हणून ती 'रेचोतो'.

"पाकळी," आप्पा म्हणाले. "वरची पाकळी. ती आदी पिकती." हे मी मुलाला इंग्रजीत सांगितलं, त्याने आईला सांगितलं, आणि बाईंनी आप्पांच्या दंडावर हलकेच थाप मारली.

तीन जाती वेगवेगळ्या चौकटींवर होत्या. कोर्विना : जाड सालीची, आंबट चेरीच्या चवीची, मिश्रणाचा कणा. कोर्विनोने : मोठा मणी, घड सैल, चवीला जास्त तुरट. ही कोर्विनाचीच मोठी बहीण असं वर्षानुवर्षं समजत, पण १९९० च्या दशकात ती वेगळी जात असल्याचं सिद्ध झालं. रोंदिनेल्ला : रोगाला सहसा बळी न पडणारी, दरवर्षी हमखास येणारी, वाळायला उत्तम. नियम असा, की कोर्विना ४५ ते ९५ टक्के, त्यातली काही जागा कोर्विनोनेला घेता येते, आणि रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के. पूर्वी मोलिनाराही सक्तीची होती, आता नाही. एका क्रेटात ओझेलेताचे बारीक, काळेभोर घड होते. ही जात जवळजवळ नाहीशी झाली होती, आता रंगासाठी आणि तुरटपणासाठी थोडी घालतात.

मला स्वतःला रोंदिनेल्लाबद्दल आपुलकी वाटते. पुस्तकांत तिच्याविषयी दोन ओळी असतात. पण खराब पावसाच्या वर्षी घर तीच सांभाळते.

निघताना बाईंनी कोर्विनाचा एक मणी तोडून आप्पांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळे मिटून चावला. साल चघळली, बी दाताखाली फोडली, बराच वेळ गिळलंच नाही.

"बेदाना नव्हं," म्हणाले. "करवंदाचा मुरांबा हाय."

चौथा दिवस : पाच पेले

दुसऱ्या दिवशी त्याच घरी चव घ्यायला गेलो. दगडी तळघर, बारा-तेरा अंशांचा गारवा, दोन्ही बाजूंना ओकच्या लाकडाची मोठी पिंपं. नवी, छोटी पिंपं इथे नव्हती. त्यांच्यामुळे व्हॅनिलाचा वास येतो आणि तो फळाच्या अंगावर बसतो, असं त्या घराचं मत. माझंही तेच मत आहे.

टेबलावर पाच पेले. बाईंनी आप्पांसमोरही पाच ठेवले. मी सांगायला लागले, तर त्यांनीच हात वर केला. हुंगायला काय हरकत आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पहिला पेला साध्या वाल्पोलिचेल्लाचा. ताज्या द्राक्षांचा, पारदर्शक लाल, चेरीचा आंबटपणा, हलका. दुसरा रिपासोचा. आमारोनेचं आंबवण झालं की साली आणि बिया उरतात, त्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला परत ओतून ठेवतात. चोथ्यात शिल्लक राहिलेली साखर, रंग, तुरटपणा तिच्यात उतरतो. चहाच्या चोथ्यावर दुसरं पाणी टाकल्यासारखं कुणी म्हणेल, पण ते बरोबर नाही. दुसरं पाणी फिकं होतं, इथे वाइन जाड होते.

तिसरा, २०१६ ची आमारोने. पेला तिरपा धरला तर मध्यभागी काळसर लाल, कडेला माणकाचा रंग. नाकाला अल्कोहोलची झळ लागली. लेबलवर साडेसोळा टक्के होतं. कायद्याने किमान १४ लागतं, पण आजकाल पंधराच्या खाली क्वचितच मिळते. वाळलेली चेरी, मनुका, दालचिनी, कोको. तोंडात जाड, जवळजवळ गोड वाटते, पण गिळताना गोडवा नाहीसा होतो आणि बदामाच्या सालीसारखा कडवटपणा राहतो. नाव त्यावरूनच आलंय. 'आमारो' म्हणजे कडू.

तळघरात बसून मुलाने नावाची गोष्ट सांगितली, जी इथे सगळे सांगतात. रेचोतो गोड ठेवायची तर आंबवण मधेच थांबवावं लागतं. १९३६ मध्ये नेग्रारच्या सहकारी वाइनरीत एक पिंप विसरलं गेलं. सगळी साखर आंबून गेली. तळघर सांभाळणारे आदेलिनो लुकेझे यांनी चव घेतली आणि म्हणाले, हे आमारो नाही, आमारोने, म्हणजे थोर कडू आहे. असं सांगतात. कोरडी वाइन त्याआधीही चुकून होत असणारच; पण चूक मुद्दाम करायची ठरली, त्याला नाव मिळालं, ते त्या काळात. वाल्पोलिचेल्लाला डीओसी, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या वाइनला मिळणारा सरकारी दर्जा, १९६८ मध्ये मिळाला, आमारोनेला डीओसीजी हा सर्वांत वरचा दर्जा २०१० मध्ये.

आप्पांनी २०१६ हुंगून सांगितलं : "गुऱ्हाळ. काकवी वतत्यात तवाचा वास." मी लिहून घेतलं. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

चौथा, २००६. रंग बदललेला. कडेला माणकाचा नाही, डाळिंबाच्या सुकलेल्या सालीचा. अल्कोहोल तेवढंच आहे, पण झळ नाही. फळ मागे सरलंय आणि खारीक, नवी वहाण, ओल्या मातीवरचा पाला पुढे आलाय. तुरटपणा जिभेला ओरखडत नाही, नुसता धरून ठेवतो. हे कसं होतं ते सांगते. सालीतले तुरट कण तरुण वाइनमध्ये सुटे असतात, म्हणून तोंड कोरडं करतात. वर्षानुवर्षं ते एकमेकांना चिकटत मोठे होतात, रंगाच्या कणांना बरोबर घेतात, आणि शेवटी जड होऊन गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. म्हणून रंग उतरतो आणि जीभ सुखावते. पण हे निभावून न्यायला वाइनमध्ये आंबटपणाचा कणा आणि भरपूर ऐवज लागतो. कोर्विना कणा देते, माडी ऐवज देते. मिश्रण आणि वाळवण, दोन्ही असल्याशिवाय वीस-तीस वर्षं टिकणार नाही.

"मुरली," आप्पा म्हणाले.

पाचवी बाटली १९९५ ची. आम्ही येणार म्हणून ती दोन दिवस उभी करून ठेवली होती, गाळ खाली बसावा म्हणून. बूच इतकं मऊ झालं होतं की साध्या मळसूत्राने तुटलं असतं. मुलाने दोन पातळ पात्यांचा चिमटा बुचाच्या बाजूंनी सरकवला आणि फिरवत-फिरवत बूच अखंड बाहेर काढलं. बाईंनी मेणबत्ती लावली. बाटलीची मान ज्योतीवर धरून त्यांनी काचेच्या भांड्यात वाइन ओतायला सुरुवात केली, अगदी बारीक धार, हात कुठेही न थबकता. ज्योतीच्या उजेडात वाइन विटकरी दिसत होती. शेवटच्या दोन बोटांवर आल्यावर काळपट धागा मानेत शिरला आणि त्याच क्षणी त्यांनी बाटली उभी केली.

मी लगेच चव घेतली. काहीच नाही. बंद खोलीसारखी. मन जरा खट्टू झालं. बाई म्हणाल्या, थांबा.

तासभर थांबलो. पाव खाल्ला, मोंते वेरोनेझे चीज खाल्लं, आप्पांनी दादाला फोन लावून बागेची चौकशी केली. मग परत पेला उचलला.

ते लिहिताना शब्द जपून वापरते. आधी तंबाखू. पेटवलेली नाही, निपाणीच्या वखारीत पानं दाबून ठेवलेली असतात तेव्हा दारात जो गोडसर, तपकिरी वास येतो, तो. त्याच्या मागे जुन्या सागवानी कपाटाचा वास. त्याच्या मागे, अगदी बारीक, ताजी चेरी. जवळपास तीस वर्षं होऊनही फळ जिवंत होतं. तोंडात ती मऊ होती, आणि शेवटचा कडवटपणा लांबत गेला. मी घड्याळ बघितलं नाही, पण घोट गेल्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही आणि चव तोंडातच होती.

आप्पांनी पेला दोन्ही हातांत धरला होता. तीनदा हुंगला. मग काल चावलेल्या मण्याचं नाव मला विचारलं. कोर्विना, मी म्हटलं.

"ती हाय की हितं," ते म्हणाले. "तीच हाय."

आज बाजारात येणाऱ्या कितीतरी आमारोने फार लवकर पितात, आणि फार लवकर पिता याव्यात अशाच केल्या जातात. थोडी साखर ठेवायची, नव्या लाकडाचा मुलामा द्यायचा. पहिला घोट सुखाचा होतो, पण तिसऱ्या घोटाला जीभ थकते. नियमाने साध्या आमारोनेला दोन वर्षं आणि रिझेर्वाला चार वर्षं मुरवणं सक्तीचं आहे. ती फक्त सुरुवात आहे. चांगल्या घरची असेल तर दहा वर्षांच्या आत उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि उघडलीच तर दोन तास आधी, अठरा अंशांच्या आसपास. महाराष्ट्रात 'खोलीच्या तापमानाला' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपली खोली तीस अंशांची असते, त्यात या वाइनची नुसती दारू लागते. आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा.

पाचवा दिवस : सान जॉर्जो, गार्गान्यागो

दिवसभर भुरभुर पाऊस. सान जॉर्जोच्या टेकडीवर गेलो. तिथलं दगडी चर्च फार जुनं, आतली वेदीवरची छत्री आठव्या शतकातली, लोंबार्ड राजांच्या काळातली. खाली गार्गान्यागो. इटलीचा थोर कवी दांते याला वेरोनात आसरा मिळाला होता. त्याचा मुलगा पिएत्रो याने १३५३ मध्ये इथे जमीन घेतली आणि ती आजही त्याच वंशाकडे आहे. वाळवलेल्या द्राक्षांची रीत याहूनही जुनी. सहाव्या शतकात कासिओदोरस या मंत्र्याने राजाच्या मेजासाठी वेरोनाची 'आकिनातिकुम' मागवली होती, आणि ती कशी करतात हेही लिहून ठेवलं : शरदात तोडायची, थंडीपर्यंत राखायची, मग चुरायची.

आप्पांना चर्चपेक्षा पावसाची चिंता. "आज माडीच्या खिडक्या लावल्या असतील न्हवं?" दोनदा विचारलं. शेवटी मी मुलाला संदेश पाठवला. लावल्या होत्या, आणि पंखे चालू होते. मग ते निवांत झाले.

सहावा दिवस : चुरा

सकाळी त्या घरून बोलावणं आलं. आज आणखी काही चौकटी उतरवणार होते.

पाच-सहा माणसं माडीवरून क्रेट खाली आणत होती. एका टेबलावर बाई आणि दोन शेजारणी घड तपासत बसल्या होत्या; बुरशी दिसली की कात्रीने तेवढा भाग काढून टाकायचा. आप्पांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि चौथ्या खुर्चीवर बसले. त्यांचा वेग त्या बायकांपेक्षा जास्त होता. शेडात बेदाणा निवडताना ते जसे बसतात तसेच, मान खाली, बोटं चालू. एका घडातून त्यांनी एकच मणी काढला. वरून तो स्वच्छ दिसत होता. बाईंनी तो फोडून पाहिला. आत करडा होता.

यंत्रातून गर पडत होता, जाड, जांभळा, जॅमसारखा. रस असा फारसा दिसतच नव्हता. शेजारी आठवड्यापूर्वी भरलेली टाकी होती. थंडीत आणि एवढ्या साखरेत यीस्टला जोर लागतो, म्हणून आंबवण महिना-दीड महिना चालतं. साधी वाइन आठ-दहा दिवसांत उरकते. झाकणाच्या फटीतून वर आलेला सालींचा थर दिसत होता. मुलाने लाकडी दांड्याने तो खाली दाबला, आणि जड, गरम वास वर आला.

आप्पांनी टाकीला कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती.

"शिजतंय," म्हणाले, आणि मला बोलावून कान लावायला लावला.

दुपारच्या बसला अजून तास होता. ते परत खुर्चीवर जाऊन बसले आणि पुढचा क्रेट ओढला.